विमान उभं राहिलं म्हणून ओरडू नका, बोल्ट काढला का ते विचारा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र लांबणार आहे, कापायचं तर कापा पण बोल्टच्या भोकाचा भाग तेवढा ठेवा, कारण सगळी मेख तिथंच आहे.

मी विमानातला माणूस नव्हे. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, २२ वर्षं झाली, कास्टिंगला कुठं क्रॅक आहे, कुठं ब्लो होल म्हणजे हवेनं पडलेलं भोक आहे हे बघण्यात डोळे गेले. उजळाईवाडीचं विमानतळ शेजारीच, दुपारच्या सुट्टीत डबा खाताना डोक्यावरून विमान उतरताना दिसतं, राजाराम महाराजांच्या काळात १९३९ ला सुरू झालेलं विमानतळ आहे हे, पण आमचा संबंध तेवढाच, मान वर करून बघायचा. आता मात्र माझी भाची पायलट व्हायला शिकायला लागली आहे, आपल्याकडं नव्हे, लांब एका ट्रेनिंग स्कूलमध्ये. नाव लिहित नाही, नाव लिहून कुणाला शिव्या घालायचं हे पत्र नाही.

झालं असं की महिनाभर तिचा रोज एकच फोन, "मामा, आज पण उडलो नाही." (आमच्यात पोरी पण उडलोच म्हणतात, तुम्ही कोल्हापूरचे असाल तर सांगायला नको.) का नाही विचारलं की म्हणायची विमान एडीसाठी ग्राउंड केलंय, पंख खोललेत. कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात, पोरगी ११२ वर अडकलेली, तिकडं हॉस्टेलचं भाडं चालू, इकडं दाजींचा बँकेचा हप्ता चालू. पालकांच्या व्हॉट्सअप ग्रुपवर तर नुसता शिमगा. कोण म्हणतंय हे बहाणे आहेत, कोण म्हणतंय फी घेताना पंख बरोबर होते आणि आता कसे बिघडले, एकानं तर लिहिलं की कार उभी करून चालते तर विमान का नाही, याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. दाजी मला म्हणाले तुम्ही लिहिता बरं, पेपरला एक सणसणीत पत्र टाका या लोकांच्या विरोधात. मी हो म्हणलं आणि लिहायच्या आधी आठ दहा रात्री बसून ही एडी म्हणजे काय ते वाचलं. पत्र सणसणीतच लिहायचं होतं, पण वाचता वाचता ते दुसऱ्याच बाजूला वळलं, दाजींनी माफ करावं.

एडी म्हणजे एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह. एखाद्या मॉडेलच्या विमानात धोक्याचा दोष सापडला आणि तो त्याच मॉडेलच्या दुसऱ्या विमानांत पण असू शकतो असं वाटलं की सरकारी यंत्रणा हुकूम काढते, अमुक तासांच्या आत अमुक जागा तपासा, दोष निघाला तर पुढचं उड्डाण करायच्या आधी दुरुस्त करा. आपल्या गाडीचा रिकॉल येतो तसं वाटेल पण तसं नाही हे. रिकॉलला शोरूमवाला फोन करतो, आपण म्हणतो बघू पुढच्या सर्व्हिसिंगला, आणि गाडी चालूच राहते. एडीची मुदत संपली आणि काम झालं नाही तर ते विमान कायद्यानं उडायला नालायक, मग इंजिन कितीही गोड वाजू दे. कंपनी स्वतः काढते ते सर्व्हिस बुलेटिन वेगळं, तो बऱ्याच ठिकाणी सल्ला असतो, मालकानं मानला तर मानला. आपल्या डीजीसीएचा, म्हणजे भारतातल्या विमान खात्याचा नियम पण हाच, ज्या देशात विमानाचं डिझाइन मंजूर झालं त्या देशानं काढलेली एडी आपल्या व्हीटी नंबरच्या, म्हणजे भारतात नोंदलेल्या विमानाला पण लागू. म्हणजे अमेरिकेत सेसना नाहीतर पायपर या कंपन्यांच्या छोट्या विमानाला एडी निघाली की इकडं आपल्या धावपट्टीशेजारच्या हँगरमध्ये पाने निघाले पाहिजेत.

आता ही एडी येते कुठनं ते बघा, हुकूम काढणाऱ्यांना काय हौस नसते.

४ एप्रिल २०१८, अमेरिकेतलं फ्लोरिडा, डेटोना बीच. एम्ब्री रिडल म्हणून विमान शिक्षणाचं तिथलं मोठं नावाजलेलं विद्यापीठ आहे, त्यांचं पायपर अ‍ॅरो विमान, आत एक विद्यार्थी आणि त्याची परीक्षा घेणारा परीक्षक. टच अँड गो केलं, म्हणजे चाकं टेकवली आणि न थांबता परत उचललं, आणि वर चढताना डावा पंख निखळला. वादळ नाही, काही नाही. दोघं गेले. आणि विमान काय भंगारातलं नव्हतं हो, २००७ चं मॉडेल, म्हणजे जेमतेम ११ वर्षांचं. माझी मोटरसायकल त्याच्यापेक्षा म्हातारी आहे.

चौकशीत निघालं काय तर पंखाच्या मुख्य स्पारला, स्पार म्हणजे पंखाची तुळई समजा, घराचा सगळा भार जसा तुळईवर तसा पंखाचा सगळा भार त्याच्यावर, तर त्या स्पारच्या खालच्या पट्टीला एका बोल्टच्या भोकापाशी फटीग क्रॅक, म्हणजे धातू थकून पडलेली चीर. बोल्ट घट्ट बसलेला, वरनं सगळं चकाचक, आणि आत भोकाच्या कडेनं चीर वाढत चाललेली. खोलल्याशिवाय ती डोळ्याला दिसणारच नव्हती. मग त्याच शाळेची बाकीची विमानं तपासली तर आणखी एकाच्या पंखात तसलीच चीर निघाली. म्हणजे ते दुसरं विमान पण रोज पोरांना घेऊन उडतच होतं की.

हे वाचून मी चा बाजूला ठेवला. कारण हे मला माहीत आहे, माझ्या धंद्यातलं आहे हे. भोक पाडलं की तिथं ताण गोळा होतो, हे आमच्याकडं आयटीआयचं नवीन पोरगं पण सांगंल. लोखंडाचं एक बरं असतं, स्टीलवर ठरावीक मर्यादेच्या खाली ताण ठेवला तर ते कितीही वेळा वाकवा, थकत नाही म्हणलं तरी चालेल. अ‍ॅल्युमिनियमला तसली मर्यादाच नाही. ताण कमी असला तर उशिरा थकेल पण थकणार, प्रत्येक झटका मोजला जातो आणि कुठं तरी जमा होतो. आणि छोटी विमानं सगळी बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचीच.

तर ते विमान उडालं होतं साधारण ७,६९० तास. आणि उतरलं होतं किती वेळा? ३३,२७६ वेळा. मी कॅल्क्युलेटरवर भागून बघितलं, तासाला चारच्या वर लँडिंग. कारण शिकणारी पोरं दुसरं काय करतात, वर जायचं खाली यायचं, परत वर परत खाली, आणि नवशिक्याचं लँडिंग म्हणजे टेकवणं कमी आणि आपटणं जास्त, माझी भाची स्वतः सांगते. चौकशीवाल्यांनी पण कारणांत हेच धरलं, कमी उंचीवरचं ट्रेनिंगचं उडणं आणि त्याचा पंखावर पडणारा ताण.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. ऊस वाहणारा ट्रॅक्टर आणि पाटलांच्या दारात उभा असलेला ट्रॅक्टर, दोन्ही एकाच वर्षी घेतलेले, मीटरवर तास पण सारखे असू देत एकवेळ, पण सीझनभर दोन दोन ट्रॉल्या डबल भरून खड्ड्यातनं ओढलेल्याचं हूक आणि पाटलांच्याचं हूक एकसारखं धराल का? नाही ना. मग अमेरिकेच्या एफएएनं, म्हणजे तिकडच्या विमान खात्यानं, या पायपरसाठी जी एडी काढली, २०२१ च्या फेब्रुवारीपासून लागू झाली, तिच्यात नेमकं हेच केलंय आणि मला ते इतकं आवडलं की मी आमच्या मॅनेजरला पण दाखवलं. त्यांनी साधे तास धरलेच नाहीत. भाड्यानं किंवा ट्रेनिंगला वापरलेल्या विमानाची तिकडं दर १०० तासांनी तपासणी होते, तर अशा जेवढ्या तपासण्या झाल्या तेवढे शंभर तास पूर्ण धरायचे. उरलेले तास, म्हणजे मालकानं स्वतःच्या हौसेनं आरामात उडवलेले, त्याला १७ नं भागायचं. दोन्हीची बेरीज ५,००० झाली की तपासणी करायची. म्हणजे हौशी मालकाचं ६,८०० तास उडलेलं विमान हिशोबात फक्त ४०० धरलं जातं, आणि शाळेतलं विमान ५,००० ला ५,०००. एक तास उडणं हा सगळ्यांचा सारखा नसतो हे कुणी तरी कागदावर मांडलं बघा. आधी म्हणे सगळीच विमानं धरायचा विचार होता, वीसेक हजार, मग या हिशोबानं साडेपाच हजारांच्या आत आली.

आता तपासणी कशी करायची. इथं आमच्या पालकांच्या ग्रुपवरचा प्रश्न येतो की नुसतं बघायला एवढे दिवस कशाला. नुसतं बघायचं नसतं. फाउंड्रीत आम्ही लाल रंगाचं पेनिट्रंट मारतो, पुसतो, मग पांढरा डेव्हलपर, चीर असली की लाल रेघ उमटते. किंवा लोखंडाला चुंबक लावून पावडर टाकतो. अ‍ॅल्युमिनियमला चुंबकाचा उपयोग शून्य, आणि भोकाच्या आतल्या बाजूला रंग मारून बघणं म्हणजे विहिरीत वाकून सुई शोधणं. म्हणून एडी करंट. (ही एडी वेगळी, उच्चार एकच, माझा पण दोन दिवस घोळ झाला.) बोल्ट काढायचा, भोकात पेनासारखा प्रोब फिरवायचा, त्यात तारेचं वेटोळं असतं, त्यानं धातूत बारीक करंट तयार होतो आणि चिरेपाशी तो बिचकतो, मशीनच्या पडद्यावर रेघ उडते. चीर निघाली तर तो स्पार बदलल्याशिवाय उडायचं नाही, वेल्डिंग नाही पॅच नाही.

आणि तपासणी स्वतः पण धोका करू शकते हे लोकांना माहीत नसतं. तो बोल्ट काढताना भोकाच्या आत नुसता एक ओरखडा पडला तर तोच ओरखडा उद्याच्या चिरेचं बी. अमेरिकेत ही एडी निघत होती तेव्हा विमानमालकांनी हीच तक्रार केली होती की चांगली भोकं खराब करून ठेवाल, आणि मला ती तक्रार पटते. आमच्याकडं फिटर हातोड्यानं पिन काढतो तेव्हा मी आधी भोक बघतो मग पिन. म्हणून ते काम घाईत, रात्रपाळीत, "उद्या सकाळी पोरांना उडायचंय" म्हणून करायचं काम नव्हेच. स्कूलच्या इंजिनिअरला ग्रुपवरनं रोज पंचवीस मेसेज टाकून आपण नेमकी तीच घाई करायला लावतोय, हे मी ग्रुपवर लिहिलं तर मला तिघांनी उत्तर दिलं की तुम्हाला कर्ज नाही म्हणून बोलता. बरं.

उलटा प्रकार पण सांगतो. डेटोनाचं अ‍ॅरो पायपर चेरोकीच्या घरातलं, १९८७ ला टेक्सासमध्ये त्याच घरातल्या एका विमानाचा पंख असाच तुटला होता. ते तेलाच्या पाइपलाइनवर खालनं घिरट्या घालायचं काम करायचं. तेव्हा पण एडी निघाली, पंख उतरवून बघा म्हणून. पण बाकीच्यांत फारसं काही सापडेना, खर्च मात्र होतोय, ओरड झाली, आणि दोनेक वर्षांत ती मागं घेतली. आता मागं वळून बोलणं सोपं आहे, तेव्हा विमानं पण तेवढी थकलेली नसतील, मी त्यांना मूर्ख म्हणणार नाही. पण २०१८ ला चीर मिळाली ती याच स्पारच्या खालच्या पट्टीला.

मियामीचं तर वाचवत नाही. १९ डिसेंबर २००५, पाण्यावर उतरणारं जुनं ग्रुमन मॅलार्ड, १९४७ सालचं, पंख तुटून २० माणसं गेली. त्या पंखातनं आधीपासनं इंधन गळत होतं. पंखातच टाकी असते, म्हणजे गळणारं इंधन सांगत होतं की बाबांनो इथं फट आहे. लोक काय करत होते तर सीलंट लावत होते. परत गळलं, परत सीलंट. साहेब, आमच्या धंद्यात याला लांबी भरणे म्हणतात. ब्लो होल निघालं की लांबी भरायची, घासायचं, वर पेंट मारायचा, गिऱ्हाईकाच्या इन्स्पेक्टरला दिसत नाही. मी पण पहिल्या वर्षी सुपरवायझरनं सांगितलं म्हणून भरली आहे, खोटं कशाला बोलू. ते कास्टिंग पंपाचं होतं, पंप गळला असेल, कुणाचं शेत एक दिवस कोरडं राहिलं असेल. तेवढ्यावर भागलं.

गंजाचं पण आहे एक, ऑस्ट्रेलियात माउंट आयसाजवळ २६ मे २०१९ ला सेसना २१० चा पंख गेला, सर्व्हेचं विमान, दोन माणसं. तिथं चिरेची सुरवात झाली ती गंजानं पडलेल्या बारीकशा खड्ड्यातनं. आपल्याकडं चार महिने पावसात अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांवर पांढरी भुकटी धरते ती बघितली असेल, तोच प्रकार. विमान पावसाळाभर उघड्यावर बांधून ठेवणाऱ्यांनी हे वाचावं.

आमच्या उद्यमनगरच्या कारखानदारांना एक सांगायचं आहे, रागवू नका. आपण म्हादबा मेस्त्रींसारख्या नावाजलेल्या कारागिराच्या गावचे, आपल्याला वाटतं त्या विमानाच्या बोल्टचं काय एवढं, सकाळी नमुना द्या संध्याकाळी डझन घेऊन जा. खरं आहे, देतील, मापाला मायक्रॉन इकडं तिकडं होणार नाही. तरी तो बोल्ट त्या भोकात बसवता येत नाही. कारण तो कुठल्या धातूच्या कुठल्या लॉटचा, कुणी तपासला, कधी तपासला, याचा कागद बोल्टबरोबर आला पाहिजे. आम्ही कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूचा नंबर, टाकतो तो याच्यासाठीच, उद्या एक तुटलं तर त्या हीटचे बाकीचे कुठं गेले ते शोधता येतात. डेटोनानंतरच्या एडीत पण तपासणीचा निकाल काय आला, चीर निघाली नाही तरी, तो कळवायला सांगितलाय, ३० दिवसांत. एकाच्या पंखातलं सगळ्यांना समजावं म्हणून. आमच्याकडं रिजेक्शनचा आकडा शेजारच्या शॉपला पण सांगत नाहीत, लाज वाटते.

मग स्कूलची काहीच चूक नाही का? आहे की. एडी काय एका रात्रीत आभाळातनं पडत नाही, बहुतेकांना मुदत दिलेली असते, एवढ्या तासांत नाहीतर एवढ्या दिवसांत. कुठलं विमान कधी त्या आकड्याला पोचणार हे लॉगबुक बघून चार महिने आधी सांगता येतं. मग तेव्हाच पोरांच्या तारखा का नाही लावल्या, आणि विमानं एवढी कमी आणि पोरं एवढी जास्त घेतलीच कशाला. हे विचाराच, मी पण विचारतोय. पण "विमान उभं का केलं" हे विचारू नका. उभं केलं म्हणजे कुणी तरी बोल्ट काढतोय. मला भीती वाटते ती वर्षभरात एक दिवस पण उभं न राहिलेल्या विमानाची.

आणि माझी मागणी एवढीच आहे, डीजीसीएनं करावी नाहीतर स्कूलांनी आपणहून. हँगरच्या दारात एक फळा लावा. प्रत्येक विमानाच्या नंबरासमोर एकूण तास लिहा, त्याच्या शेजारी लँडिंग किती झाली ते लिहा, कारण नुसत्या तासांनी आपल्याला काय समजत नाही हे वर सांगितलंच. पंखाची शेवटची तपासणी कधी आणि कशानं केली, डोळ्यानं की प्रोबनं, आणि पुढची एडी कितीला येणार. मराठीत लिहा हिंदीत लिहा, पोरांना आणि त्यांच्या आईबापांना वाचता येईल असं लिहा. एसटी स्टँडवर गाड्यांच्या वेळांचा फळा असतो की, तसा. याला काही कोटी लागत नाहीत, एक पेंटर लागतो. उद्या उजळाईवाडीला कुणी ट्रेनिंग स्कूल काढलं तर पहिल्या दिवसापासनं हा फळा असू दे, रंगाचा खर्च मी देतो, हे गंमतीनं लिहीत नाही.

भाचीला मी फोनवर सांगितलं होतं की रूमवर बसून रील बघण्यापेक्षा हँगरमध्ये जा आणि इंजिनिअरना विचार. ती घाबरत गेली. ते पण आधी वैतागले, मग त्यांनी तिला टॉर्च देऊन उघडलेल्या पंखापाशी उभं केलं, भोक दाखवलं, प्रोब फिरवताना पडद्यावरची सरळ रेघ दाखवली. तिनं मला फोटो पाठवला, हातावर तो जुना बोल्ट, करंगळीएवढा. खाली लिहिलं होतं, मामा एवढ्याशावर आम्ही दोघं बसलेलो असतो काय.

फोटो मी दाजींना पाठवला. निळ्या टिका आल्यात, उत्तर अजून नाही.

आपला,
गोकुळ शिरगावचा एक वाचक, कोल्हापूर